पुढच्याचं काय करायचं, काका?

मागच्या अंकात शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती, की रस्त्यावर दुसऱ्या गाडीवाल्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कधी येतो ते कळवा. चूक झाली. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलं की संपादकबाई म्हणाल्या काका तुम्हीच निवडा, आमच्याच्यानं होत नाही. मी २९ वर्षं बस चालवली, आता सात वर्षं पोरापोरींना गाडी शिकवतोय, त्यामुळे शिव्या ऐकायची सवय आहे, पण अशा गठ्ठ्यानं कधी वाचल्या नव्हत्या. आणि गंमत बघा, एवढ्या ढिगात चुकणारा कायम दुसराच. एक पत्र सोडून, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय.

प्रश्न : काका, मी आठवड्यातून दोनदा पुण्याहून नवी मुंबईला एक्सप्रेसवेनं एकटी गाडी चालवत जाते. अगदी उजव्या लेनमधून बरोब्बर १०० ने जाते, लिमिट १०० चंच आहे ना? तरी कोणीतरी येतो, बंपरला चिकटतो आणि लाइट मारत बसतो. मी हटत नाही. मी कायद्यात आहे, तो नाहीये. नवरा म्हणतो जाऊ दे त्याला. मी का जाऊ देऊ? आणि दुसरं म्हणजे घाटात ट्रक तिन्ही लेन अडवून रांगत असतात त्यांचं कोणी काही करत का नाही? — एक वैतागलेली वाचक, बावधन

उत्तर : ताई, नवऱ्याचं ऐका, या एका बाबतीत तरी.

उजवीकडची लेन ही ‘फास्ट लेन’ आहे असं आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं आणि उरलेल्या निम्म्यांना ती रिकामी असेल तेव्हा आपली वाटते. ती ओव्हरटेकची लेन आहे. जड गाड्यांनी डावीकडे राहायचं, कारनी मधल्या लेननं जायचं, उजवीकडे यायचं, पुढच्याला मागे टाकायचं आणि परत मधे जायचं. तुम्ही १०० ने जाताय म्हणून तिथं मुक्काम करायचा परवाना मिळत नाही. मागचा १३० ने आला तर तो चुकतोय हे शंभर टक्के खरं, पण त्याला पकडायचं काम तुमचं नाही, त्यासाठी आता तिथं वर कॅमेरे लावलेत, ते चलन पाठवतात, आणि तुम्ही जागा नाही दिली तर तो काय करणार सांगू? डावीकडून घुसणार, दोन ट्रकच्या मधून. म्हणजे तुम्ही त्याला शिस्त लावायला गेलात आणि त्यानं ती तुमच्या आणि त्या ट्रक ड्रायव्हरच्या जिवावर मोडली.

चिकटलेल्या माणसाला धडा शिकवायला काही जण ब्रेकवर हलका पाय मारतात. हे करू नका, कधीच. उलटं करा, तुमच्या पुढचं अंतर वाढवा. मागच्यानं अंतर ठेवलेलं नाही म्हणजे त्याच्या वाटचं अंतर पण आता तुम्हालाच पुढे ठेवायचंय, म्हणजे पुढे काही झालं तर तुम्हाला करकचून ब्रेक लावावा लागणार नाही, सावकाश लावता येईल, आणि मग त्यालाही वेळ मिळेल. अन्याय आहे, मान्य. पण मागून ठोकल्यावर चूक कोणाची ते इन्शुरन्सवाले ठरवतील, मान तुमची दुखेल.

आता ट्रकचं. इथं मी थोडा त्यांच्या बाजूनं बोलणार. घाटात एक ट्रक ४० ने चढतोय, मागचा ४५ ने चढू शकतोय. फरक किती, पाच किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मीटर. पुढच्याची लांबी, स्वतःची लांबी, पुढे मागे थोडी जागा धरून त्याला पन्नास-साठ मीटर जास्त कापायचेत. म्हणजे चाळीस सेकंद लागतात. आपल्याला मागे बसून ती चार मिनिटं वाटतात. आणि तुम्ही म्हणाल मग त्यानं मागेच राहावं की, तर भरलेली गाडी चढावर एकदा खालच्या गिअरला पडली ना की परत उचलत नाही, पूर्ण घाट तशीच रडत चढते, म्हणून तो उचललेली गाडी सोडायला तयार नसतो. तरीसुद्धा तिसऱ्या लेनमध्ये ट्रक आला तर ती चूकच, त्याला मी पांघरूण घालत नाही. फक्त अमृतांजन पॉइंटच्या आसपास (पूल २०२० मध्ये पाडला तरी नाव काही जात नाही) तुम्ही हॉर्न दाबून धरल्यानं त्याच्या इंजिनात ताकद येत नाही. घाटात कारला ६० चीच मर्यादा आहे, त्यामुळे तुमचं नुकसान तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मंसुद्धा नसतं.

प्रश्न : सिग्नलचे ५ सेकंद बाकी असतात आणि मागून पॅंऽऽ सुरू. मी नाही निघाले की बाजूनं जाताना ‘झोपलीस काय’ म्हणतात. मी स्कूटरवर असते, वय २२. रोज होतं. काय करू? — कर्वे रोडची रोजची प्रवासी

उत्तर : पोरी, काही करू नकोस. उभी राहा. लाल सिग्नल तोडणं २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरतात, मोटार वाहन कायद्याचं १८४ कलम, आणि राँग साइडनं येणं पण त्यातच. पण तुला कलमाचा काय उपयोग, तुला उपयोगी गोष्ट सांगतो. तुझे ५ सेकंद बाकी असतात तेव्हा आडव्या रस्त्यावरच्या शेवटच्या माणसाचा पिवळा पडलेला असतो आणि पिवळा दिसला की आपल्याकडे लोक थांबत नाहीत, अजून दाबतात. म्हणजे चौकात एका बाजूनं लवकर निघालेला आणि दुसऱ्या बाजूनं उशिरा घुसलेला, दोघं एकाच सेकंदाला भेटतात. हिरवा झाल्यावर सुद्धा उजवीकडे एकदा बघ मग निघ. आणि उभी राहताना झेब्राच्या मागे पण थोडी डावीकडे राहा, घाई असलेल्यांना उजवीकडून जायला वाट राहते आणि हॉर्न आपोआप कमी होतो. ‘झोपलीस काय’ला उत्तर द्यायचंच असेल तर हो म्हण.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक लेखात अंतर ठेवा अंतर ठेवा म्हणता. रागावू नका पण तुम्ही शेवटची गाडी कधी चालवली? अंतर ठेवलं की त्यात दुसरा घुसतो. परत अंतर ठेवलं की तिसरा घुसतो. असं करत बसलो तर मी उलटा घरी पोचेन. — कळंबोलीचा कारवाला

उत्तर : नाही रागावलो, उलट या गठ्ठ्यात सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे. काल चालवली.

आधी अंतर म्हणजे किती ते सांगतो, कारण लोक ‘एक गाडीचं अंतर’ म्हणतात आणि त्याला काही अर्थ नसतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी, पुलाच्या सावलीपाशी गेली की मनात म्हणायचं एक विठोबा, दोन विठोबा. दुसरा विठोबा संपायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही जवळ आहात. पावसात चार विठोबा. ८० ने जाताना गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे दोन विठोबा झाले ४४ मीटर, दहा-अकरा छोट्या गाड्या एकामागे एक लावल्या तर बसतील एवढं. एवढी जागा रिकामी दिसली की कोणालाही घुसावंसं वाटणारच, मलाही वाटेल.

मग घुसू द्या. एक माणूस घुसला की तुम्हाला परत अंतर करायला किती मागे यावं लागतं? दोन सेकंद. मिनिटं नाही हो, सेकंद. मी एकदा हट्टानं मोजलंय, खालापूरच्या टोलपासून तळेगावच्या टोलपर्यंत, शेजारी पुतण्या बसला होता त्याला कागदावर रेघा मारायला लावल्या. २३ जण घुसले. २३ गुणिले दोन, ४६ सेकंद. आणि त्यातले पण सगळे राहिले नाहीत, घुसणारा माणूस एका जागी कुठं राहतो, तो पुढच्याच्या पुढे घुसायला निघून जातो. तळेगावला एका गाडीचा फास्टॅग स्कॅन होत नव्हता, तिच्या मागे मी त्याहून जास्त वेळ उभा होतो.

लोकांना ते दोन सेकंद जात नाहीत, कोणीतरी आपल्याला पुढे टाकून गेला हे जातं जिवाला. रांगेत पुढं घुसलेल्या माणसाचा येतो तो राग आहे हा, दुधाच्या केंद्रावरचा. तिथं तो बरोबर असतो कारण तिथं दूध संपू शकतं. रस्ता संपत नाही.

एक मात्र कबूल करतो, शहरात हा हिशोब चालत नाही. स्वारगेटला १५ ने जाताना दोन सेकंद म्हणजे आठ मीटर, त्यात दोन स्कूटर आणि एक आडवी रिक्षा येते आणि त्यांना तुम्ही दिसतही नाही. तिथं मी पोरांना दुसरं शिकवतो : थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. दिसली म्हणजे पुढची गाडी बंद पडली तरी तुम्हाला रिव्हर्स न घेता बाजूनं निघता येतं, आणि चढावर ती मागे सरकली तरी तुमच्या बॉनेटवर येत नाही.

प्रश्न : कारखाने चालू झाले की आमच्याकडं रात्री रस्त्यानं जायची सोय राहात नाही बघा. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, वर मोठ्यानं गाणी. परवा मी कसाबसा वाचलो, समोरून गाडी आली तिचा उजेड डोळ्यावर, आणि अंधारात एकदम ऊसच समोर. ह्यांना सांगणारं कोण हाय का नाही? — कडेगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : दादा, वाचलात हे वाचून बरं वाटलं. मी त्याच रस्त्यांवर बरीच वर्षं काढलीत, त्या भीतीची ओळख आहे.

त्यांची बाजू दोन ओळीत सांगतो, मग तुमची. ट्रॅक्टरवाल्याला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, म्हणून तो दोन ट्रॉल्या जोडतो आणि वर थर लावत जातो. कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला रात्र जाते, तिथं बसल्या जागी झोप होते तेवढीच. गाणी हौस म्हणून असतात हे खरं, पण कधी कधी डोळा लागू नये म्हणूनही असतात. यानं बिनलाइटची ट्रॉली माफ होत नाही. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, पण चिखलानं माखला की रिफ्लेक्टर आणि पत्रा सारखाच. तुमच्या गावातून ज्या ट्रॉल्या भरतात त्यांना फडातच लाल पट्टी चिकटवायची आणि होती ती पुसायची, एवढं गावातली पोरं करू शकतात, काही ठिकाणी करतातही. शंभर-दोनशेच्या वर खर्च नाही.

आता तुमचं. तुम्ही किती स्पीडला होता ते लिहिलं नाहीत, पण मी अंदाज बांधतो, सत्तर-ऐंशी. डिपरचा उजेड साधारण पन्नास मीटरपर्यंत कामाचा असतो. ८० ने जाताना तुम्हाला ऊस दिसला, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो, म्हणजे गाडी तेहतीस मीटर गेलीच. पुढे ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर अजून पस्तीसेक मीटर. झाले अडुसष्ट. उजेड पन्नासचा आणि थांबायला अडुसष्ट, म्हणजे जे दिसलं ते ठोकल्यावरच थांबणार. तेच ६० ला करा, पंचवीस अधिक वीस, पंचेचाळीस. ६० ला तुम्ही ट्रॉलीच्या अलीकडे उभे राहता. म्हणून उसाच्या दिवसात रात्री समोरून गाडी आली आणि डिपर मारावा लागला की काटा साठच्या खाली आला पाहिजे. ट्रॉलीवाल्याची चूक आहे आणि पाय मात्र तुम्ही उचलायचा, होय.

ओव्हरटेक करताना आणखी एक, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून बसपेक्षा लांब होतात आणि मागची ट्रॉली झुलते. सरळ रस्ता पुढं लांबवर रिकामा दिसल्याशिवाय निघू नका, आणि बाइकवर असाल तर बाहेर आलेल्या उसाच्या कांड्यांपासून हातभर जास्त लांब राहा.

प्रश्न : रात्री समोरचे सगळे अप्परवर येतात. मी पण आता अप्परच ठेवतो. बरोबर ना? — लातूर

उत्तर : नाही. दोन आंधळे समोरासमोर ८० ने येणं यात बरोबर काय आहे. एकदा डिपर देऊन बघा, नाही ऐकलं तर नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर न्या, वेग कमी करा, जाऊ द्या. काच आतून पुसा, आतून, लोक बाहेरूनच पुसतात आणि आतल्या धुरकटपणामुळं उजेड पसरतो. आणि स्टीअरिंगच्या उजव्या बाजूला खाली ० ते ३ लिहिलेली एक चकरी असते बऱ्याच गाड्यांना, ती काय आहे हे दहातल्या नऊ विद्यार्थ्यांना माहीत नसतं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि तुमचा डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा ती चकरी २ किंवा ३ वर करायची. दिवाळीला गावाला जाताना अर्धा महाराष्ट्र नाक वर करून चाललेला असतो आणि प्रत्येकाला वाटतं समोरचाच अप्परवर आहे.

प्रश्न : माझं वय ७१. चाळीस वर्षांत एकही अपघात नाही. मी हायवेलाही ४०-४५ च्या वर जात नाही. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही हळू चालवता म्हणून लोक तुमच्या आजूबाजूनं वेड्यासारखं जातात, तुमच्यामुळेच अपघात होईल. हळू चालवणं हा गुन्हा कधीपासून झाला काका? — एक ज्येष्ठ वाचक, अहिल्यानगर

उत्तर : पहिलं म्हणजे मला काका म्हणू नका, तुम्ही मोठे आहात.

गुन्हा नाही. पण चिरंजीव पूर्ण चूकही नाहीत. मला एकच विचारायचंय, तुम्ही ४० ने कुठून जाता? डावीकडून जात असाल तर कोणाची काही बोलायची छाती नाही, तिथं ट्रॅक्टर पण जातो आणि तुम्ही पण जा. पण माझा अनुभव असा की सावकाश जाणारी मंडळी डावीकडे जायला घाबरतात, तिकडं सायकल येते, कुत्रं येतं, उभा टेम्पो येतो, म्हणून ती मधे किंवा डिव्हायडरला धरून जातात कारण तिथं ‘मोकळं’ असतं. मग सगळ्यांनाच डावीकडून ओव्हरटेक करावा लागतो. तुमच्या ४० चा त्रास नाही, आजूबाजूच्या ८० आणि तुमच्या ४० मधल्या फरकाचा आहे, म्हणून एक्सप्रेसवेला मात्र ४० नं जाऊच नका, जुन्या हायवेनं जा, चहा पण तिथंच चांगला मिळतो.

आरशात बघत राहा. मागे पाच गाड्या साठल्या की जागा बघून बाजूला घ्या आणि जाऊ द्या. आम्ही बसवाले घाटात हेच करायचो आणि मागचा जाताना हात करायचा, बरं वाटायचं.

रात्रीचे समोरचे दिवे फुलल्यासारखे दिसतात का? वर्तुळं दिसतात का? तर मोतीबिंदू दाखवून घ्या, सत्तरीनंतर मी हे सगळ्यांना विचारतो. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं आणि डॉक्टरचा दाखला लागतो, तो दाखला नुसता सहीचा आणू नका, खरोखर डोळे तपासून आणा. आणि मुलाला एकदा शेजारी बसवा, तासभर, अट एकच, तोंड उघडायचं नाही. उतरल्यावर काय ते बोलेल.

प्रश्न : सगळे दुसऱ्या ड्रायव्हरबद्दल लिहितील, मला माझ्याच घरातल्याबद्दल लिहायचंय. समृद्धीवर गेलो की आमचे हे १४० च्या खाली येत नाहीत. मागे सासूबाई आणि मुलं. बोललं की म्हणतात रस्ता १५० साठी बांधलाय. रस्ता रिकामा असतो हेही खरं. मी काय बोलू? — वाशीम जिल्हा

उत्तर : त्यांना म्हणा, रस्ता १५० साठी बांधला असेल, गाडीची चाकं कशासाठी बांधलीत ते बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१९ असेल तर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसत असली तरी असं जुनं रबर विदर्भातल्या एप्रिलमध्ये, काँक्रीटवर, भरल्या गाडीखाली दोन-तीन तास १४० नं फिरवायचं नसतं. निघायच्या आधी हवा तपासायची, गाडी थंड असताना, आणि स्टेपनीची सुद्धा.

मर्यादा तिथं कारला सपाट भागात १२० आहे. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, डिसेंबर २०२२ मध्ये हाच टप्पा आधी सुरू झाला होता. १२० नं न थांबता चार तास वीस मिनिटं, १४० नं पावणेचारच्या आत बाहेर. म्हणजे सदतीस मिनिटं वाचली, तीही एकदाही पाय न उचलता. आणि आदळायची वेळ आली तर आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, वेग सहावा हिस्साच जास्त पण दणका छत्तीस टक्के जास्त. सदतीस मिनिटं मुलं असलेल्या घरात बाथरूमला थांबण्यातच जातात.

रिकामा रस्ता हीच तिथली अडचण आहे. वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही, तासाभरानं डोळे उघडे असतात आणि माणूस आत नसतो. आम्हाला रात्रपाळीत हे व्हायचं, मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवायचं नाही, तसं झालं की मी गाडी उभी करून टायर बघायचं नाटक करत चक्कर मारून यायचो. दर दीड-दोन तासांनी उतरवाच त्यांना.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी अहवालात त्यातल्या सत्तर टक्क्यांवर मृत्यूंपुढे कारण लिहिलंय अतिवेग. मला तो आकडा पूर्ण पटत नाही, पंचनाम्यात दुसरं काही सुचलं नाही की अतिवेग लिहितात, खड्डा कोणी लिहीत नाही. पण अर्धा जरी खरा धरला तरी.

आणि ताई, तुम्ही बोलून नाही ऐकणार. सासूबाईंना बोलायला सांगा. म्हणावं, मला मळमळतंय. गाडी लगेच ९० वर येते.

प्रश्न : काका, हे लिहायला लाज वाटते. घोडबंदर रोडला एकानं मला कट मारला, आरसा घासला. मी त्याच्या मागे गेलो, माझं वळण सोडून तीन किलोमीटर, सिग्नलला गाठलं, काच खाली करून जे तोंडाला येईल ते बोललो. मागे सहा वर्षांची मुलगी होती. दोन दिवसांनी आमच्या गाडीपुढे एक सायकलवाला आला तर ती मागून तीच शिवी म्हणाली. अगदी माझ्याच आवाजात. बायको आठवडाभर बोलली नाही. राग आवरायची काही युक्ती सांगा. — ठाणे

उत्तर : दहापर्यंत आकडे मोजा वगैरे मी सांगणार नाही, मला स्वतःला ते कधी जमलं नाही.

एवढं सांगतो की पाठलाग सुरू करण्याआधी एक क्षण असतो, तुमचं वळण गेलं तो क्षण. तिथं तुम्ही ठरवलंत. त्याच्या आधीचा राग तुमच्या हातात नसेल, पण वळण होतं. पुढच्या वेळी तेवढं वळण घ्या, आत जाऊन गाडीत बसून काय शिव्या द्यायच्या त्या द्या. (मुलगी नसेल तेव्हा.) गाडीचा नंबर लक्षात असेल आणि शेजारी बसलेल्यानं फोटो काढला असेल तर महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर तक्रार टाकता येते, तसं करा, निदान हाताला काम मिळतं.

आता माझं. ९० च्या दशकातली गोष्ट, खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता, दोन्हीकडची वाहतूक घाटातूनच. मी पुण्याहून वाईची गाडी नेत होतो. शिरवळच्या पुढे एका ट्रॅव्हल्सवाल्यानं मला असा कट मारला की मला बस कच्च्यात उतरवावी लागली, आतले लोक पुढच्या दांडीवर आपटले. मी तरुण होतो, डोकं फिरलं. पूर्ण घाट त्याच्या मागे. चढाला त्याला गाठलं, वळणावर बाहेरून घातली आणि उतारावर पुढे राहिलो, मागे बघून हसलो सुद्धा. बसमध्ये कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं खूश आहेत.

खाली वेळे गावापाशी एक म्हातारी उठून पुढे आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. म्हणाली, “बाबा, मला हितंच उतरव.” मी म्हटलं, आजी तुमचं तिकीट वाईचं आहे, अजून लांब आहे वाई. म्हणाली, “ऱ्हाऊ दे. चालत जाते.” आवाज चढवला नाही, काही नाही. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी दार उघडायला लावलं.

आरशात दिसत होती मला, पिशवी खांद्याला लावून कडेकडेनं चालली होती. तिथून वाई पंधरा-एक किलोमीटर तरी असेल. मागून अर्ध्या तासानं दुसरी गाडी होती, तिच्यात बसली असेल.